पंचनाम्यात पोरांचं वजनही लिहा

मा. जिल्हाधिकारी, बेळगाव,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बेळगाव,
मा. उपसंचालक, महिला व बालकल्याण खाते, बेळगाव यांस,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तयारीच्या बैठका आता लागतील. बोटी किती, पट्टीचे पोहणारे किती, कुठल्या शाळेत काळजी केंद्र, म्हणजे पूरग्रस्तांचा तात्पुरता निवारा, उघडायचं, जनावरांच्या छावणीला वैरण कुठून आणायची, जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर हे पूल पाण्याखाली गेले की वाहतूक कुठून वळवायची, अशी मोठी यादी तुमच्या टेबलावर येईल. २०१९ नंतर ही तयारी पुष्कळ सुधारली, हे आम्ही नदीकाठचे लोक मोकळेपणानं मान्य करतो. या यादीत आणखी एक ओळ घाला, एवढ्यासाठी हे पत्र आहे. पाणी ओसरल्यावर पूरग्रस्त गावातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि दंडाचा घेर पंधरा दिवसांच्या आत मोजा, तो आकडा पंचनाम्याबरोबर नोंदवा आणि पुढे दिवाळीपर्यंत दर महिन्याला पुन्हा मोजत राहा.

मी निपाणी तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्याकडे कृष्णा फुगली की दूधगंगा आणि वेदगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं आणि गावात शिरतं. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर मी गावातच राहून पाहिले. शाळेची खोली हीच दर वेळी निवाऱ्याची जागा, त्यामुळे पूरग्रस्त कुटुंबं जवळून बघायला मिळाली. पाणी उतरून ती घरी गेल्यावरही संबंध तुटला नाही, कारण त्यांचीच मुलं नंतर माझ्या वर्गात आली.

पाणी उतरलं की पंचनामा होतो. तलाठी येतात, पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) येतात, इंजिनिअर येतात. भिंती किती पडल्या यावरून घराला ए, बी, सी असा वर्ग मिळतो. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घरासाठी पाच लाख आणि तातडीची मदत म्हणून कुटुंबाला दहा हजार रुपये सरकारनं जाहीर केले होते. ऊस किती गुंठे कुजला, सोयाबीन किती गेलं, म्हैस दगावली असेल तर तिचा फोटो आहे का, सगळं लिहून घेतलं जातं. लिहायलाच पाहिजे. त्याच घरात दीड वर्षाचं पोर असतं. जुलैत त्याचं वजन किती होतं आणि सप्टेंबरात किती राहिलं, याला त्या कागदावर रकानाच नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याची भरपाई कोण मागणार?

पुराच्या आठ-दहा दिवसांत मुलं उपाशी राहत नाहीत, हे आधी सांगायला हवं. त्या दिवसांत मदत धावून येते. मंडळं येतात, ट्रस्ट येतात, गाड्या भरून भाकरी, चपात्या, बिस्किटं येतात. टीव्हीवाले येतात. खरी वाईट वेळ त्यानंतर सुरू होते. श्रावणात पूर आला तर भाद्रपद, आश्विन आणि कार्तिक हे तीन महिने लहान मुलांचे हाल असतात, आणि तोवर गावात बाहेरचं माणूस फिरकत नाही.

घरी परत गेलेल्या बाईचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहिलं काम चिखल काढायचं. गुडघाभर गाळ, त्यात कुजलेली वैरण, मेलेलं काहीबाही. कणगीतला शाळू भिजून आंबलेला, तो उकिरड्यावर. पोत्यातल्या शेंगांना बुरशी, म्हणजे वर्षभराचं दाण्याचं कूट आणि चटणी गेली. परड्यातली भाजी, शेवगा गेला. रानात पाय रुतायचा थांबत नाही तोवर भांगलण नाही, म्हणजे मजुरी नाही. म्हैस वाचली असली तरी वैरणीअभावी कित्येकजण ती बाजार दाखवून मोकळे होतात, आणि जिची राहिली ती दूध डेअरीला घालते, कारण मायक्रोफायनान्सचा हप्ता पुरासाठी थांबत नाही. घरात खात्रीचं उरतं ते रेशनचं तांदूळ. सकाळी भात, दुपारी भात, रात्री पातळ आमटी आणि भात. मोठं माणूस त्यावर दिवस काढतं. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचं पोट एवढंसं असतं; पाणचट भातानं ते भरतं, पण त्यातून अंगाला काही लागत नाही.

त्यात पाणी. संडासाचे खड्डे भरून वाहिलेले असतात, विहिरीत आणि हापशीत तेच पाणी उतरलेलं असतं, नळाची टाकी धुऊन क्लोरिन टाकायला आठवडा जातो. मुलांना जुलाब लागतात. जुलाबात भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, मूल अशक्त होतं आणि अशक्त मुलाला पुढचा जुलाब लवकर गाठतो. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस आणि झिंक द्यावं, झिंकची गोळी पूर्ण चौदा दिवस चालू ठेवावी, आणि आजार गेल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्यावं, हे सरकारी कार्यक्रमातच आहे. पुरानंतर गोळ्यांची पाकिटं वाटली जातात. पण जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी आई गोळी बंद करते, कारण चौदा दिवसांचं कुणी बसून समजावलेलं नसतं. आणि जादा जेवण कशाचं द्यायचं, हा प्रश्न उरतोच.

२०१९ च्या दसऱ्याच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या एका आईनं मला तिच्या मुलाचा करदोटा दाखवला. श्रावणात तो त्याच्या पोटाला नीट बसत होता. आता कमरेवरून घसरून मांडीवर येत होता. तिनं दोनदा गाठ मारून आवळला होता, तरी तिसऱ्यांदा सैल झाला. ‘दात येत्यात, म्हणून वाळलाय’ असं सासूचं म्हणणं. अंगणवाडीच्या बाईंना बोलावून मी त्याच्या दंडाला फीत लावायला सांगितली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असला तर फीत हिरवा रंग दाखवते, साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये पिवळा, आणि साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. फीत लालवर थांबली. मग आम्ही वजनाचा तक्ता काढून बघितला, तर त्यात मूल बरं दिसत होतं! पुरात काटा चिखलात गेला होता, नवा मागवला होता तो आला नव्हता, आणि वरून दर महिन्याला आकडे मागितले जात होते, म्हणून मागच्या महिन्याच्या आकड्यात थोडं वाढवून लिहिलं होतं. त्या बाईंच्या स्वतःच्या घरातही कंबरभर पाणी शिरलं होतं. त्यांना दोष देऊन काही साधणार नाही. ज्या गावात पूर येतो, त्या गावात काटा, उंचीची पट्टी आणि फितीचा एक संच उंचावर, पाणी न पोचणाऱ्या जागी ठेवलेला असायला हवा, ही व्यवस्था वरूनच लागली पाहिजे.

असं एखादंच मूल असतं, असं कुणी म्हणेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, १९.५ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी, आणि एकूण मुलांपैकी ८.४ टक्के अतितीव्र हडकुळी. सहा महिने ते पाच वर्षांच्या ६५.५ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. ही साऱ्या राज्याची सरासरी आहे, पूर येवो न येवो. ज्या मुलांचा पाया आधीच एवढा कच्चा, त्यांच्यावर दर दोन-चार वर्षांनी पाणी येतं.

पूर आणि कुपोषण यांचा संबंध आमच्या मनाचे खेळ नाहीत. ओडिशातल्या जगतसिंहपूर जिल्ह्यात २००६ आणि २००८ च्या पुरांनंतर गावोगावी मुलं मोजून अभ्यास झाला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. पुरात सापडलेल्या गावांतल्या मुलांमध्ये जुनाट कुपोषण अधिक होतं, आणि ज्यांनी आयुष्याच्या पहिल्याच वर्षात पूर अनुभवला होता त्यांच्यात ते जास्त दिसलं. पूर होऊन गेल्यावर बराच काळ त्याचा परिणाम मुलांच्या अंगावर राहतो, म्हणून पूरप्रवण भागात पोषणाचं काम दीर्घ काळ चालवावं, असं त्या अभ्यासकांनी सांगितलं. आपल्याकडे २०१९ ला जे मूल सहा महिन्यांचं होतं, ते २०२१ च्या जुलैत अडीच वर्षांचं होतं. त्याच्या वाढीच्या दोन सर्वांत नाजूक वर्षांत दोन महापूर आले. त्या मुलांची उंची आज कुणी मोजली आहे का, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

आता काळजी केंद्रांविषयी. तिथलं जेवण मोठ्यांसाठी चांगलं असतं, मी ते खाल्लं आहे. पण भात-सांबार तिखट असतं आणि वर्षाचं मूल ते तोंडात घेत नाही. मग आई बिस्किट पाण्यात बुडवून देते, आणि दिवसचे दिवस मूल बिस्किटावर राहतं. स्वयंपाकाला जिथं एवढी मोठी भांडी चढतात, तिथं पोरांसाठी एक वेगळं पातेलं चढवायला किती खर्च आहे? मऊ मुगाची खिचडी, वर चमचाभर तेल, उकडलेलं अंडं, केळ, नाचण्याची आंबील. एवढं पुष्कळ झालं. अंगणवाडीच्या बाई आणि मदतनीस त्याच केंद्रात असतात. त्यांच्याकडे धान्य आणि हे काम सोपवलं तर केंद्रातच अंगणवाडी चालू राहील.

अंगावर पाजणाऱ्या आयांची अडचण वेगळीच. वर्गखोलीत आठ-दहा कुटुंबं, त्यात सासरे, दीर, परके पुरुष. कोवळ्या बाळंतिणी पदर नीट करायलाही संकोचतात. त्या शाळेमागं जाऊन, पावसात उभ्या राहून घाईघाईनं पाजताना मी पाहिल्या आहेत. बाळ पोटभर पीत नाही, पिणं कमी झालं की दूध कमी होतं, आणि ‘हिला दूधच येत नाही’ असा शिक्का बसतो. त्याच वेळी मदतीच्या गाडीतून दुधाच्या पावडरचा डबा आणि बाटली येते. देणाऱ्याचं मन मोठं असतं यात शंका नाही. पण बाटली धुवायला स्वच्छ पाणी नाही, उकळायला जळण नाही, अशा जागी तो डबा बाळाला थेट जुलाबाकडे नेतो, आणि पंधरा दिवसांनी संपला की विकत घ्यायला पैसे नसतात. तोवर अंगावरचं दूध आटलेलं असतं. म्हणूनच १९९२ च्या कायद्यानं आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर आणि बाटल्या अशा वाटायला बंदी आहे. सूट आहे ती अनाथाश्रमांना. हा कायदा मदत करणाऱ्या मंडळांना माहीत नाही. काळजी केंद्राच्या दारावर त्याची पाटी लावा, आणि प्रत्येक केंद्रात एक खोली, ते न जमल्यास पडद्याचा एक कोपरा, पाजणाऱ्या आयांसाठी राखून ठेवा. जी आई खरोखरच पाजू शकत नाही तिचं काय करायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

हक्काचं म्हणाल तर कायदा आमच्या बाजूनं आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला. कायदा झाला तेव्हा ठरलेलं प्रमाण रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं होतं, कुपोषित मुलासाठी ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम. आणि त्याच कायद्याचं आठवं कलम सांगतं की ठरलेलं धान्य किंवा जेवण मिळालं नाही तर राज्य सरकारनं अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. पुरामुळे अंगणवाडी महिनाभर बंद राहिली, धान्य भिजलं, तर तेवढ्या दिवसांचा भत्ता पूरग्रस्त मुलांना का मिळू नये? घराच्या भरपाईच्या फायलीबरोबर हीही फाईल निघाली पाहिजे.

सीमाभागाची म्हणून एक खास अडचण आहे, ती बेंगळूरला बसून लक्षात येणार नाही. पाणी वाढायला लागलं की आमच्याकडची लेकुरवाळी बाई काळजी केंद्रात जातेच असं नाही. ती माहेरी जाते, आणि आमच्यापैकी अनेकींचं माहेर कागल, इचलकरंजी, कुरुंदवाडकडं असतं. मुलाचं नाव कर्नाटकातल्या अंगणवाडीत, मूल महाराष्ट्रात. तिथं ती गेली की ‘तुमचं नाव आमच्याकडं नाही’. परत आली की ‘गेल्या महिन्याचं आहाराचं पाकीट परत गेलं’. अंगणवाडीतल्या मुलांच्या नोंदी ज्यात ठेवतात त्या पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाईल ॲपमध्ये एका अंगणवाडीतून दुसरीत, अगदी दुसऱ्या राज्यातही, नाव हलवायची सोय आहे. ती वापरायची कशी हे दोन्ही बाजूंच्या बाईंना कुणी शिकवलेलं नाही. शिवाय घरपोच आहारासाठी आता मोबाईलवर चेहरा पडताळावा लागतो. पुरात रेंज नसते, चार्जिंग नसतं, आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो नवऱ्याच्या खिशात असतो. पूर जाहीर झालेल्या गावांपुरती ही अट दोन महिने बाजूला ठेवावी आणि वहीत सही-अंगठा घेऊन आहार द्यावा.

कोयनेतून किती क्युसेक सोडलं, राजापूर बंधाऱ्यावर पाणी किती, अलमट्टीतून विसर्ग किती, यासाठी दोन्ही राज्यांचे पाटबंधारे अधिकारी पावसाळाभर एकमेकांशी बोलतात. अलमट्टीच्या उंचीवरून दोन सरकारांचा वाद आहे, तरी हे बोलणं थांबत नाही. तसंच बेळगाव, कोल्हापूर आणि सांगलीच्या बालकल्याण अधिकाऱ्यांनी जूनमध्ये एकदा बसून ठरवावं की पुराच्या काळात दारात आलेलं मूल कुठल्या राज्याचं आहे हे न विचारता त्याला आहार मिळेल. पुढे ऑक्टोबरात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांच्या खोपटांतल्या मुलांनाही याच ठरावाचा उपयोग होईल.

भाषेचं थोडक्यात लिहिते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे देशात फार पूर्वी मान्य झालेलं तत्त्व आहे. बाकी विषयांवर आपले वाद चालू राहतील. पण झिंकची गोळी किती दिवस द्यायची आणि आहाराचं पीठ किती पाण्यात शिजवायचं, एवढं तरी आमच्या आयांना वाचता येईल अशा मराठीत छापून द्या. गोकाक, रामदुर्गच्या पूरग्रस्त कानडी आयांचं दुःख आमच्यापेक्षा निराळं नाही. त्यांच्या मुलांसाठीही मी हेच मागते आहे.

लाल फितीच्या मुलांपैकी ज्यांना ताप, सूज, न्यूमोनिया आहे, जी काही खातच नाहीत, त्यांना पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. साधारण चौदा दिवस आईला सोबत राहावं लागतं. आमच्याकडच्या आया पाठवूनही जात नाहीत, त्याला अडाणीपणा म्हणून सोडून देऊ नका. मी विचारलं तेव्हा कळलं की पुरानंतरच्या दिवसांत सर्वे कधी होईल याचा नेम नसतो. घराला कुलूप दिसलं तर यादीतून नाव गळेल, या धास्तीनं त्या घर सोडत नाहीत. थोरली दोन मुलं कुणाकडं ठेवायची हा दुसरा प्रश्न. ज्या कुटुंबातलं मूल दाखल आहे त्याचं नाव पंचनाम्यातून वगळलं जाणार नाही, असा लेखी आदेश तहसीलदारांकडून निघाला, तरी निम्मी अडचण सुटेल. आणि आईची बुडालेली मजुरी तिला घरी जाण्याआधी हातात मिळावी, नंतर खात्यावर येईल असं सांगू नये.

हे सगळं काम शेवटी अंगणवाडीच्या बाई आणि आशा कार्यकर्तीच्या अंगावर पडणार, याची मला जाणीव आहे. पुरानंतरच्या तीन महिन्यांत त्यांना बाकीच्या सर्वेंमधून आणि मतदार याद्यांच्या कामातून मोकळं करा. मोजणीला मदत करायला गावातल्या महिला संघांच्या बायका तयार आहेत, आमच्या गावात मी त्यांच्याशी बोलले आहे. मोजलेले आकडे पंचायतीच्या फलकावर लावा. मुलांची नावं नकोत. गावात लाल किती, पिवळी किती, हिरवी किती, एवढंच महिन्याच्या महिन्याला दिसू दे. मग ग्रामसभेत आम्हीही त्यावर बोलू शकू.

आणि हे सगळं पूर येईपर्यंत थांबलं तर उपयोग नाही. पुरानंतरचा आकडा ताडून बघायला पुराआधीचा आकडा लागतो. म्हणून जूनमध्ये नदीकाठच्या सगळ्या अंगणवाड्यांत वजन, उंची, दंडाचा घेर नीट घेऊन ठेवायला सांगा. बिघडलेले काटे आत्ताच बदला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा दोन महिन्यांचा आहार झाकणाच्या डब्यात घरी पोचता करा. आमच्याकडं पाणी चढायला बहुतेक वेळा जुलैचा शेवट उजाडतो, तेव्हा तुमच्या हाताशी वेळ आहे. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग या तालुक्यांपासून सुरुवात झाली तरी चालेल. तालुक्याची बैठक ठरली की आम्हाला कळवा, गावागावातल्या आया घेऊन मी येते.

आपली विश्वासू,
दूधगंगाकाठची एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. निपाणी, जि. बेळगाव